जाम बोल्ट: आधी काय वाचवायचं ते ठरवा

तुमचा प्रश्न असा. वडिलांच्या वेळची जीप, मोर्शी तालुक्यातल्या संत्र्याच्या बागेत आजही फवारणीची टाकी अन् खताची पोती ओढते. मागच्या डाव्या बाजूचा पाटा (स्प्रिंगची पट्टी) तुटला म्हणून तो अॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट खोलायला घेतले, तर चारातला एकही नट हलला नाही. त्याच दिवशी इंजिनचा धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या मॅनिफोल्डला हात घातला अन् एक स्टड, म्हणजे बिनडोक्याचा बोल्ट, इंजिनच्या हेडच्या तोंडाशी तुटला, दुसऱ्याच्या नटाचे कोपरे गोल झाले. गावातला मिस्त्री म्हणतो, पाईप लाव अन् दे झटका. तुम्ही थांबलात अन् विचारायला आलात.

थांबलात हे बरं केलं. गॅरेजमध्ये मला तीस वर्षांवर झाली. जेवढे बोल्ट मी तोडले त्यातले निम्मे तरी जोर कमी पडला म्हणून तुटलेले नाहीत, घाई जास्त झाली म्हणून तुटले.

तुमच्याकडे दोन कामं आहेत आणि दोघांचा इलाज एक नाही. यू-बोल्ट ही फेकायची वस्तू आहे. पाटा बदलताना यू-बोल्ट नवेच घालायचे असतात. एकदा कसून ताणलेला, वर्षानुवर्षं वाकत राहिलेला यू-बोल्ट परत वापरला तर तो पहिल्यासारखा धरत नाही. मग त्याचे नट वाचवत बसण्यात दिवस कशाला घालवायचा? ग्राइंडर घ्या, नटाच्या एका बाजूला उभा छेद द्या, छिन्नीचा एक ठोका मारा, नट उकलतो. चार नट अर्ध्या तासात. फक्त एक ध्यानात ठेवा: यू-बोल्ट सुटले की अॅक्सल पाट्यापासून मोकळी होते. चासी वेगळ्या स्टँडवर आणि अॅक्सल वेगळ्या जॅकवर, असं दोन्हीकडून धरल्याशिवाय छिन्नी उचलू नका. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली मी आजही जात नाही. स्टँड नसतील तर सागाचे जाड ओंडके आडवे-उभे रचा. विटा नाही. वीट भार पडला की न सांगता फुटते.

मॅनिफोल्डच्या स्टडचं गणित उलटं आहे. स्टड किरकोळ किमतीचा, पण तो ज्यात रुतलाय ते हेड महाग. तिथे स्टड गेला तरी चालेल, हेडचे आटे जाता कामा नयेत. कुठल्याही जाम बोल्टला हात लावण्याआधी मी पोरांना हेच विचारतो, यातलं काय वाचवायचंय? उत्तर नसेल तर पाना खाली ठेवायचा.

आता जाम का होतो ते बघा, कारण तुमच्या जीपचं कारण जरा खास आहे. लोखंडाचा गंज झाला की त्याला मूळच्या लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. आट्यांमधली फट केसाएवढी. तिथे गंज फुगला की पाचर मारल्यासारखा बसतो. आपली काळी माती चासीला चिकटली की आतून आठवडाभर ओली राहते, हे एक. दुसरं पोटॅशचं पोतं. पोटॅश म्हणजे क्लोराइडचं मीठच, त्यातलं चिमूटभर सांडलं अन् वर दव पडलं की गंज धावत येतो. तिसरं म्हणजे बोर्डो. झाडाच्या डिंक्या रोगासाठी तुम्ही मोरचूद अन् चुन्याचं मिश्रण करता, तेव्हा त्यात विळा बुडवून बघता ना? पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला म्हणता. तो थर म्हणजे मोरचुदातलं तांबं, अन् ते बसताना तेवढं लोखंड विरघळून गेलेलं असतं. टाकीतून गळलेलं मोरचुदाचं पाणी तुमच्या यू-बोल्टवर तेच करतं, फक्त तिथे कोणी विळा काढून बघत नाही.

मॅनिफोल्डचा जाम वेगळा. तिथे पाणी-मीठ कमी, तापणं-निवणं जास्त. हजारो वेळा तापून निवालेला नट स्टडला भाजून चिकटतो. म्हणून त्याला नुसतं तेल पुरत नाही.

पाना लावण्याआधी माप. जुन्या जीपवर निम्मे बोल्ट याच एका चुकीनं बिघडतात. मूळ अमेरिकन विलिस जीपच्या वंशातल्या या गाड्यांत इंची मापाचे नट-बोल्ट आहेत, अन् मधल्या काळात कोणी तरी बाजारातून मिलिमीटरचे आणून घातलेले. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. त्यावर तेराचा पाना जातो, सैल जातो, आपल्याला वाटतं बसला. नऊ-सोळांश म्हणजे 14.29. चौदाचा जात नाही म्हणून माणूस पंधराचा लावतो, पाऊण मिलिमीटरच्या आसपास खेळ राहतो, आणि जाम नटावर एवढा खेळ म्हणजे कोपरे गेलेच. पाऊण इंच मात्र 19.05, तिथे एकोणीसचा बिनधास्त चालतो. तुमच्या मॅनिफोल्डचा तो गोल झालेला नट मला पंधराच्या पान्याचा बळी वाटतो. अमरावतीत जुन्या बाजारात इंची रिंग पान्यांचा संच मिळून जाईल, एकदाच घ्या. अन् फिक्स पाना, म्हणजे उघड्या तोंडाचा, जाम नटावर कधीच नको. रिंग पाना किंवा सहा कोनी गोटी (सॉकेट). बारा कोनी गोटी फक्त टोकांना धरते, सहा कोनी सपाट बाजूंना धरते.

गोटी बसवण्याआधी ब्रश. तारेच्या ब्रशनं नटाच्या वर निघालेले आटे चकचकीत होईपर्यंत घासा. नट सुटला तरी त्याला याच गंजलेल्या आट्यांवरून बाहेर यायचं असतं, अन् अर्ध्यावर अडकलेला नट पूर्ण जाम नटापेक्षा वाईट. चष्मा घाला. गाडीखाली उताणं पडल्यावर गंजाचा पापुद्रा सरळ डोळ्यात येतो.

डाव्या बाजूची चाकं काढणार असाल तर आणखी एक. विलिसपासून चालत आलेल्या जुन्या जीपमध्ये डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असायचे. स्टडच्या टोकावर इंग्रजी एल अक्षर कोरलेलं असेल तर तो नट घड्याळाच्या दिशेनं सुटतो. तुमचे मध्ये कधी बदलले असतील तर नसेलही. एक माणूस सकाळपासून पाईप लावून उलट आट्यांचा नट कसत बसलेला मी पाहिलाय. शिव्या मात्र गाडीला.

आता पाईपबद्दल. एक फुटाच्या पान्यावर तुम्ही तीस किलोचा जोर दिला तर बोल्टवर साधारण 9 किलो-मीटरचा (किलो गुणिले मीटर, अंतर नव्हे) पीळ जातो. तीन फुटी पाईप चढवला की तोच हात 27 किलो-मीटर देतो. डोक्यावर 8.8 हा मजबुतीचा दर्जा लिहिलेला दहा मिलिमीटर जाडीचा बोल्ट कंपनीत कसतात साधारण 5 किलो-मीटरला. म्हणजे पाईपनं तुम्ही त्याला पाचपट पिळताय. तो सुटेल नाही तर तुटेल, दुसरं काही होणार नाही, आणि कुठलं होणार ते हाताला कळायच्या आत होऊन जातं.

तरी हाताला कळतं. ते सांगतो, कारण हे कुठल्या पुस्तकात मला सापडलं नाही. सुटणारा बोल्ट आधी दगडासारखा असतो, मग एकदम 'कट्' असा कोरडा आवाज येतो, पाना दोन-चार अंश सरकतो अन् परत घट्ट होतो. तो आवाज आला की समजा गंजाची पाचर फुटली, आता तो तुमचा. तुटणारा बोल्ट असा बोलत नाही. तो मऊ लागतो. पाना हळूहळू फिरतो, पण जोर कमी होत नाही, सोडला की थोडा मागे येतो, रबर पिळल्यासारखं. नट फिरत नाहीये, स्टडची मान पिळतेय. नवशिक्याला वाटतं निघाला निघाला, अन् आणखी लावतो. माझे उस्ताद बाजूला बिडी पीत बसलेले असायचे, पाठ आमच्याकडे, तरी ओरडायचे, "थांब बे! मऊ झाला तो." त्यांना पान्याच्या दांडीचा आवाज ऐकू यायचा. मला ते जमायला चार वर्षं लागली.

मऊ लागला की ताबडतोब उलटं, म्हणजे कसायच्या दिशेला, थोडंसं न्या. खरं तर सुरुवातच तिथून करा. आधी चिमूटभर कसा, मग ढिला करा, परत कसा. कसल्यानं गंज फुटतो अन् तेलाला वाट मिळते. अर्धा फेरा बाहेर आला की पाव फेरा आत, तेलाचा थेंब, परत बाहेर. चहा प्यायला जाण्याआधी शेवटचा नट एका दमात काढू नका, तोच तुटतो.

तेल कोणतं, यावर गावोगाव भांडणं आहेत. डब्ल्यूडी-40 सगळ्यांकडे असतं. ते 1953 साली पाणी हटवण्यासाठी बनवलेलं मिश्रण, नावातच पाणी हटवणं आणि चाळिसावा प्रयोग आहे. हलक्या गंजाला पुरतं. जुन्या जामला आत झिरपणारं खास पेनिट्रेटिंग तेल चांगलं. ते नसेल तर पॉवर स्टिअरिंगचं लाल तेल अन् अॅसिटोन अर्धं-अर्धं, काचेच्या बाटलीत, दर वेळी हलवून, कारण ते मिसळून राहत नाहीत. अॅसिटोन रंग खातं, अन् ठिणगी लांबून पकडतं, म्हणून त्या दिवशी ग्राइंडर नाही. डिझेलही चालतं, फक्त वेळ घेतं. खरं काम तेलापेक्षा मुरण्याचं आहे. आज संध्याकाळी टाका, उद्या सकाळी टाका, परवा हात लावा. प्रत्येक वेळी तेल टाकल्यावर नटाच्या डोक्यावर अन् बाजूंवर लहान हातोडीनं वीस-तीस ठोके. घण नको, लहान हातोडी. ठोक्यानं आट्यांतली भुकटी हलते अन् तेल खाली उतरतं. आपल्याकडच्या नवतपात, मेअखेरच्या कडक उन्हात, लोखंडाला हात लावला तर चटका बसतो, तेव्हा तेल पातळ होऊन बरं उतरतं, हे खरं. पण त्या उन्हानं बोल्ट सुटेल अशी आशा नको, त्याला लागते ती उष्णता वेगळी.

ती अशी. पोलाद दर अंशाला मीटरमागे 12 मायक्रॉन वाढतं. दहा मिलिमीटरच्या भोकाभोवतीचं लोखंड स्टडपेक्षा 300 अंश जास्त तापवलं तर फट वाढते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या तीन-साडेतीन पट. ऐकायला काहीच नाही, पण गंजाची पाचर फुटायला तेवढं भरपूर. म्हणून ज्योत नटावर धरायची, स्टडच्या टोकावर नाही. नट मंद लाल झाला की ज्योत काढा. लाली गेली अन् धूर थांबला की मेणबत्तीचं टोक नट-स्टडच्या सांध्याला टेकवा. मेण वितळून आत ओढलं जातं. मग पाना, कसायच्या दिशेनं आधी. गॅस नसेल तर ब्लो लॅम्प चालतो, वेळ लागतो इतकंच. तेलात भिजलेल्या नटाला ज्योत लावण्याआधी तेल पुसून काढा, अन् ओल्या पोत्याची बादली जवळ असू द्या.

अॅल्युमिनियमच्या भागावर ज्योत धरताना सावध. ते 660 अंशाला वितळतं आणि त्याआधी लाल होऊन इशारा देत नाही. एक क्षणी भाग असतो, दुसऱ्या क्षणी जमिनीवर थेंब. बिडाच्या हेडला पाणी मारून निववू नका, तडकतं.

अन् चाक. हे मी ओरडून सांगतो. ट्रॉलीचा किंवा ट्रॅक्टरचा चाकाचा नट जाम झाला म्हणून टायर रिमवर असताना तिथे गॅसची ज्योत किंवा वेल्डिंग लावू नका. एक शेतकरी भाऊ एकदा असाच टॉर्च पेटवून बसला होता, टायरला पूर्ण हवा. उस्तादांनी काही न बोलता जाऊन सिलिंडरची चावी बंद केली. त्याला राग आला, "काहून बंद केलं जी? एक मिनिटाचं काम होतं." उस्ताद म्हणाले, "टायर फुटाले बी तेवढंच लागते." रिम तापली की आतलं रबर जळून वायू सुटतो, दाब चढत जातो, आणि ज्योत विझवल्यानंतरही टायर बॉम्बसारखा फुटू शकतो. नुसती हवा सोडूनही भागत नाही, आत पेट घेणारा वायू राहतो. टायर रिमवरून उतरवल्याशिवाय आग नाही. त्यापेक्षा चाक जमिनीवर ठेवून लांब दांडी, ठोके, अन् नाहीच तर छिन्नीनं नट फोडा. शॉकरच्या, ब्रेकच्या रबरी पाईपच्या अन् डिझेल टाकीच्या शेजारीही तेच. ब्रेक क्लीनर फवारलेल्या भागावर वेल्डिंग नको. त्यात क्लोरीनचं द्रावण असेल तर जीवघेणा वायू होतो.

तुमच्या गोल झालेल्या नटाला आधी तीन दिवस तेल, मग एक माप लहान गोटी हातोडीनं ठोकून बसवा. नऊ-सोळांशचा नट घासला असेल तर चौदाची जुनी गोटी बसते. गोटी वाया गेली समजा. तरी नाही निघाला तर तोही नट उभा कापा, स्टडच्या आट्यांना ब्लेड लागायच्या आधी थांबून छिन्नीनं उकला.

तुटलेला स्टड. तो हेडच्या वर थोडा जरी असेल तर वेल्डिंग हा पहिला इलाज, शेवटचा नव्हे. बॅटरीची ऋण तार काढा, वेल्डिंगची अर्थची तार हेडलाच लावा. स्टडपेक्षा थोड्या मोठ्या भोकाचा नट त्यावर ठेवा अन् अडीच मिलिमीटरच्या वेल्डिंग रॉडनं भोकातून आत भरा, स्टडशी एकजीव होईपर्यंत. स्टड तोंडाशी सपाट असेल तर आधी त्याच्यावरच थेंब-थेंब चढवून बुटकी उंची करा, मग वायसर, मग नट. वेल्डिंगचा दुहेरी फायदा, नवं डोकं मिळतं अन् स्टड आतून तापतो. लाली जाऊ द्या, गरम असतानाच मेण लावा, पाना हलक्या हातानं पुढे-मागे. पहिल्यांदा नट उपटून येईल. दुसऱ्यांदाही. मी पाच-पाच वेळा नट चढवलेत, सहाव्याला स्टड लोण्यासारखा फिरलाय. गावात दिवसा व्होल्टेज पडतं, आर्क नीट लागत नाही, म्हणून हे काम पहाटे करा.

वेल्डिंग जमलंच नाही तर ड्रिल. इथे माझी एक जुनी चूक सांगतो. 1996 मध्ये एका ट्रॅक्टरच्या हेडात तुटलेल्या स्टडला मी घाईत बारीक भोक पाडलं अन् इझी आउट, म्हणजे तुटका स्टड उलटा फिरवून काढायची कडक काडी, ठोकून टॉमीनं (आडव्या दांडीनं) पिळलं. इझी आउटच आत तुटलं. ते इतकं कडक असतं की त्याच्यावर साधं ड्रिल नुसतं घसरतं. शेवटी हेड उतरवून लेथवाल्याकडे पाठवलं, आठ दिवस गाडी उभी, पेरणीचे दिवस, अन् पैसे माझ्या खिशातून. तेव्हापासून जो स्टड जोर खाऊन तुटलाय त्याला मी इझी आउट लावत नाही. पोलादी स्टड जिथे पान्यानं पिळला नाही तिथे त्याच्या पोटातली काडी काय करणार?

ड्रिल करायचंच तर स्टडचं तोंड कानशीनं सपाट करा, सेंटर पंच अगदी मध्यात. इथे दहा मिनिटं गेली तरी चालतील, कारण भोक एकीकडे सरकलं की हेडचे आटे गेले. तीन मिलिमीटरचं ड्रिल, मग पाचचं, हळू गतीनं, तेल टाकत. उलटं फिरणारं ड्रिल मिळालं तर तेच वापरा. कधी कधी कापता कापता स्टडच बाहेर येतो. शेवटच्या ड्रिलचं माप आट्यांवर: आठाच्या साध्या आट्यांना 6.8, दहाच्या साध्या आट्यांना 8.5. पण आधी शेजारच्या निघालेल्या स्टडला पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी) लावून बघा. इंची बारीक आटे असतील तर टॅप (आटे पाडायचं हत्यार) अन् माप दोन्ही वेगळं. आटे गेलेच तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवून घ्या, त्यात कमीपणा नाही.

परत जोडताना. हेडातल्या आट्यांतून टॅप हातानं फिरवून घाण काढा, हवा मारा. मॅनिफोल्डला नवे स्टड, पितळी नट, नवं गास्केट. पितळ लोखंडाशी गंजून एकजीव होत नाही म्हणूनच तिथे ते वापरतात. स्टडला कॉपर ग्रीसचा पातळ हात. ग्रीस लावल्यावर आटे घसरतात, तोच जोर जास्त ताण देतो, म्हणून कोरड्या मापापेक्षा पाचव्या हिश्श्यानं कमी कसा. चाकाच्या नटांना ग्रीस नाही, ते कोरडेच.

यू-बोल्ट मात्र गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना कसायचे, समोरासमोरचे आळीपाळीनं, थोडे थोडे, चारही बाजूंनी बाहेर निघालेले आटे सारखे दिसेपर्यंत. पाटे बसायला जागा घेतात. म्हणून टाकी भरून पहिली फेरी बागेपर्यंत मारली की त्याच संध्याकाळी परत पाना लावा, अन् दोनशे किलोमीटरनंतर आणखी एकदा. दोन्ही वेळा नट पाव-अर्धा फेरा घेईल. बोर्डो फवारून आलात की पाइपनं मागचा भाग खालून धुऊन टाका, पाणी वाळलं की यू-बोल्टच्या उघड्या आट्यांवर जुनं मोबिल (इंजिन ऑइल) ब्रशनं फासा.